अंदमानात पाऊस लागलाय? दुर्बीण खोलीत ठेवू नका

फेरीबोट रद्द झाली म्हणून पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) अडकलात, तर वाईट वाटून घेऊ नका, पावसाळ्यातही पक्षी बघता येतात. तिथून जवळच सिप्पीघाट आहे. 2004 च्या भूकंपात ही जमीन खचली आणि समुद्राचं पाणी शेतांत शिरलं. आज तिथे पाणथळ आहे, आणि अंदमान टील हे बदक बघायला याहून सोपी जागा मला माहीत नाही. रस्त्याकडेला गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि आतूनच बघायचं. गाडीला बदकं फारशी बुजत नाहीत.

चिडिया टापूच्या जंगलात मात्र भर पावसात जाऊ नका. झाडं पडतात, शिवाय सरींच्या आवाजात काही ऐकू येत नाही. पाऊस ओसरला की लगेच निघा. पुढचा अर्धा तास सोन्यासारखा असतो: भारद्वाज उघड्या फांदीवर पंख पसरून वाळवत बसतो. तो आपल्याकडच्यासारखा काळा नसतो, अंग फिकट बदामी असतं, म्हणून नवखा माणूस हमखास गोंधळतो. कोतवाल, टकाचोर, सुतार हे पक्षीही तेव्हाच हालचाल करू लागतात.

एसीच्या खोलीतून बाहेर आलं की भिंगांवर वाफ धरते. दुर्बीण आधीच व्हरांड्यात ठेवा. रेनकोटपेक्षा छत्री बरी, सळसळ होत नाही. आणि तिथे पाच ते सहाच्या दरम्यानच अंधारतं, त्यात ढग असले की आणखी लवकर. दुपारची झोप टाळाच.