बुखारीच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कंबस्टर बसवावा का?

प्रश्न : तोरणमाळला आमच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. मधल्या दालनात हिमाचलहून आणलेली पत्र्याची बुखारी, म्हणजे खोली तापवणारी लाकडाची शेगडी आहे. डिसेंबर-जानेवारीत रोज संध्याकाळी तीन-चार तास पेटते. धूर दाट निघतो आणि धुराड्यात काळं डांबर धरतं. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, कॅटॅलिटिक कंबस्टर बसवा, धूरच जळून जाईल. बसवून घ्यावा का?
— एक वाचक, तोरणमाळ

उत्तर : या बुखारीत बसवू नका. मुलाचं म्हणणं बरोबर आहे, पण ते ज्या शेगडीला लागू पडतं ती वेगळी असते.

कंबस्टर म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी आरपार भोकं असलेली सिरॅमिकची किंवा स्टीलची वीट. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम यांचा पातळ थर असतो. एरवी लाकडाचा धूर पूर्ण जळायला साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअस लागतात. या थराला लागला की 260 अंशांच्या आसपासच तो जळू लागतो. तेवढी उष्णता येईपर्यंत मात्र ती वीट म्हणजे धुराड्यात कोंबलेला बोळाच. म्हणून कंबस्टरच्या शेगडीत धुराला दुसरी वाट आणि तिच्यावर झडप असते. पेटवताना आणि लाकूड घालताना झडप उघडी ठेवायची, थर्मामीटरचा काटा 260 च्या पुढे सरकला की बंद करायची. तुमच्या बुखारीला ही दुसरी वाट नाही. धूर दालनात उलटेल, आणि त्यासोबत येणारा कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही. थंडीत दारंखिडक्या लावून बसलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत हा धोका पत्करूच नये.

दुसरं, पातळ पत्र्याच्या सांध्यांतून हवा शिरते, त्यामुळे जाळ हातात राहत नाही. भडकला तर विटेवरचा थर खराब होतो. मंदावला तर वर धुराड्यापर्यंत पोचणारा धूर इतका निवलेला असतो की वीट पेटतच नाही, नुसती काजळीने बुजते. शिवाय कंबस्टरचा खरा फायदा रात्रभर मंद जळणाऱ्या बंद शेगडीत. तीन-चार तासांचा मोकळा जाळ असेल तर धूर जाळायचं काम ज्वाळाच करते.

तुमचं डांबर ओल्या लाकडाचं आहे. पावसाळा संपल्यावर आणलेला ओंडका डिसेंबरात वरून सुका दिसतो. मधोमध फोडा आणि फोडलेल्या ताज्या बाजूला ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया टोचा. आकडा 20 टक्क्यांच्या वर आला तर ते लाकूड यंदा जाळू नका. खान्देशचा उन्हाळा फुकटची भट्टी आहे, तो वाया घालवू नये: फेब्रुवारीतच मनगटाएवढ्या जाडीच्या फाळी करा, जमिनीपासून वीतभर उंच, हवा खेळेल अशा रचा, आणि जूनच्या आत वरून झाका. बाजू मोकळ्या ठेवा. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी धरते.

मग बुखारीचं दार तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा; ओढल्यावर सहज सुटली तर दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी बदला. धुराड्याचं तोंड छपरातून निघतं तिथून किमान 3 फूट वर हवं, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या 2 फूट वर. पेटवल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं हवा आत यायची खिडकी पूर्ण उघडी ठेवा. भरपूर लाकूड कोंबून हवा आवळायची सवय असेल तर ती आधी मोडा. डांबर त्यानेच तयार होतं आणि पुढे तेच धुराड्यात पेट घेतं. हंगामापूर्वी एकदा आणि हंगामात दर महिन्याला ब्रश फिरवा.

एवढं करूनही रात्रभर ऊब हवीच असेल, तर मुळात कंबस्टरसाठी बनवलेली शेगडी घ्या. तिच्यात प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड, कोळसा कधीच जाळू नका. त्यातलं शिसं, जस्त, गंधक त्या थराला मारून टाकतं. ओलं लाकूड घातलं तर तापलेल्या सिरॅमिकला तडा जातो.

प्रश्न : आमच्या चुलीत पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) जळतात, धूर फार. गाडीच्या सायलेन्सरमधला जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चुलीच्या धुराड्यात चालेल का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही. लाकडाच्या शेगडीतल्या विटेला चौरस इंचात साधारण 16 ते 25 भोकं असतात, गाडीच्या विटेला बहुतेकदा 400. पऱ्हाटीची राख उडती. ती बारीक भोकं लगेच बुजतील आणि धूर स्वयंपाकघरात येईल. पऱ्हाटी भरताची वांगी भाजायला उत्तम, कारण ती झपकन पेटते आणि झपकन विझते. रोजच्या चुलीत तिची हीच खोड धूर करते: मोळी एकदम सारली की आतल्या काड्यांना हवा मिळत नाही. चुलीत तळापासून तीन-चार इंचांवर लोखंडी जाळी ठेवा, खालून हवा येऊ द्या, काड्या हातभर लांब तोडून मूठमूठ सारा. धुराडं आठवड्याला झाडा.