सिक्युरिटी पॅकेज रिन्यू करू नका, आधी काढून बघा

तुम्ही विचारलंय की अँटीव्हायरस, क्लीनअप, ट्यूनअप सगळं एकत्र असलेलं पॅकेज रिन्यू करायला जीवावर येतंय, त्याऐवजी स्वस्तातलं काय टाकू. विंडोज ११ आहे म्हणालात ना, मग टाकायचं जवळपास काहीच नाही, काढायचंय.

माझं रावेरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दिवसभर कोणाकोणाचे पेन ड्राइव्ह लागतात, म्हणून मीही चार वर्षं असंच पॅकेज इमानदारीने भरलं. रोज सकाळी लाल पाटी यायची, हजारभर इश्यू सापडले, फिक्स करा. केलं की दुसऱ्या दिवशी परत तेवढेच. एकदा यादी उघडून बघितली तर अर्ध्याच्या वर नुसत्या ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे वेबसाइटने ठेवलेल्या बारक्या फाईली, भो!

तर आधी ते अनइन्स्टॉल करा, कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल असेल तर तेही चालवा, कारण शेपूट मागे राहतं. रीस्टार्ट केलं की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप चालू होतो, विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी टिक आली का तेवढं बघा. दुसरा अँटीव्हायरस असला की डिफेंडर गप्प बसतो म्हणून आपल्याला वाटतं की तो कामाचाच नाही. उन्हाळ्यात एका पोराचा पेन ड्राइव्ह लावला, आत फोल्डर एकही नाही, नुसता एक शॉर्टकट. डिफेंडरने तो लगेच उचलला. पोरगं घाबरलं, काय व्हयनं म्हणे, पण त्याच्या फाईली गेलेल्या नव्हत्या, व्हायरसने लपवल्या होत्या, पाच मिनिटांत काढून दिल्या.

साफसफाईला सेटिंगमध्ये स्टोरेज सेन्स, म्हणजे फालतू फाईली आपोआप काढणारी विंडोजचीच सोय, चालू करा, आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन नको ते बंद करा, मशीन चालू व्हायला जो उशीर लागतो तो बराचसा तिथलाच असतो. रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही साफ करतो म्हणणारा, फुकट मिळाला तरी नको. २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ व्हर्जनमध्ये, तेही थेट अधिकृत डाउनलोडमध्ये, मालवेअर, म्हणजे व्हायरससारखं घातक सॉफ्टवेअर, घुसलं होतं, म्हणजे झाडूतच विंचू.

वरून शंका आलीच तर मालवेअरबाइट्सच्या फ्री व्हर्जनने स्कॅन मारा, पासवर्ड सांभाळायला बिटवॉर्डन फुकट आहे, फायरफॉक्स ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन टाका, कारण 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' हे जे येतं ते बहुतेक वेळा जाहिरातीतूनच येतं. घरात विंडोज १० वालं जुनं मशीन असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्याचा वेगळा विचार करा.

वाचलेल्या पैशात भर घालून एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, आठवड्याला कॉपी मारा आणि लगेच काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही धरतं. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर मात्र पहिले पैसे एसएसडीला, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कला, त्याने जो फरक पडतो तो कुठल्याच ट्यूनअपने पडत नाही.

आणि हो, ऑटो-पे. सॉफ्टवेअर काढलं म्हणून ते थांबत नाही, १५,००० च्या आतली रक्कम ओटीपी न विचारता कटते, आदल्या दिवशी फक्त मेसेज येतो. मी तो मेसेज जाहिरात समजून उडवला आणि काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचं अजून एक वर्ष भरून बसलो. तुम्ही मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, आजच कॅन्सल करा, अनइन्स्टॉल रविवारी केलं तरी चालेल.