फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपला दिसत नाही

प्रश्न: ताई, मी अँड्रॉइड अ‍ॅप बनवायला शिकतोय, एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) लावला की लॅपटॉप गळपटतो म्हणून स्वतःचाच फोन जोडला, बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, यूएसबी डीबगिंग (केबलवरून लॅपटॉपला फोनवर अ‍ॅप टाकू-तपासू देणारी सेटिंग) ऑन केलं, तरी फोन लॅपटॉपवरच्या डिव्हाइसेसच्या लिस्टमध्ये येतच नाही. दोन दिवस गेले!

उत्तर: अरे, आधी केबल बदल. बऱ्याच स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच, फोन मस्त चार्ज होतो आणि आपण सेटिंग्ज उलटीपालटी करत बसतो, माझी अख्खी रात्र गेलीये यात. मग लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये 'एडीबी डिव्हायसेस' (adb devices, जोडलेले फोन दाखवणारी) कमांड दे, 'अनऑथराइज्ड' आलं तर फोन अनलॉक कर, परवानगीची चौकट तिथेच अडकलेली असते. विंडोज असेल तर ड्रायव्हरही (लॅपटॉपला फोन ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) बघ. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही जोडता येतं, फक्त दोन्ही एकाच नेटवर्कवर हवेत.