चाळीस किलोंचा चहा

पदवीप्रदानाचे दिवस जवळ आले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आई-बाबांना थँक्यू कसं म्हणू? आमच्यात असलं कुणी बोलत नाही." खरंच बोलत नाही. मुलाने घरात 'आभारी आहे' म्हटलं तर आई आधी कपाळाला हात लावून बघेल.

त्यातली एक गोष्ट सांगते. मुलाची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बीड जिल्ह्यातला मुलगा. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, नोकरीही लागली. समारंभ जानेवारीत होता आणि घरच्यांना बोलवायचं नाही, असं त्याचं ठरलेलं. मला वाटलं, आई-वडिलांची लाज वाटत असेल. त्याच अंदाजाने मी अर्धा तास बोलत राहिले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, ते आत्ता ऊसतोडीला, फडात आहेत. दोन दिवस आले तर खाडा पडतो. मुकादम पैसे कापतो."

दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, गाळप संपेपर्यंत ऊस तोडायचा. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल त्यातून फेडायची. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 झाला. हे आकडे त्याला तोंडपाठ होते. पहिल्या पगारातून तो वडिलांना पंधरा हजारांचा फोन घेणार होता. "म्हणजे एक्केचाळीस टन. दोघांचे वीस दिवस." मग हळूच म्हणाला, "मी कँटीनचा चहासुद्धा असाच मोजतो. पंधरा रुपये म्हणजे चाळीस किलो ऊस. निम्म्या वेळा पीतच नाही."

फोन दिला की पांग फिटतील, असं त्याला वाटत होतं. 'पांग फेडणे' हा शब्दप्रयोग मला फार जाचतो. फेडायचं म्हटलं की आई-वडील सावकार होतात, आणि मुलगा त्यांच्यासमोर मान खाली घालून बसतो. हा तर चार वर्षं तसाच बसला होता. दर रविवारी फोन यायचा. "जेवला का?" "हो." मग फोन आईकडे.

मी पत्र लिहायला सुचवलं. आम्हा समुपदेशकांचं हे ठरलेलं औषध. तो हसला. वडिलांना वाचता येत नाही, आई चौथीपर्यंत शिकलेली. दुसऱ्यांदा चुकले. तेव्हापासून मी हा सल्ला सरसकट देत नाही. आता मुलांना म्हणते, काही सांगू नका, विचारा. त्या वर्षीची फी कुठून आली होती? मी हॉस्टेलला गेलो त्या दिवशी घरी काय झालं? (हे सगळ्यांसाठी नाही. काही मुलं घरातून जखमा घेऊन येतात. त्यांच्यावर कृतज्ञतेची सक्ती मी करत नाही.)

समारंभ आटोपल्यावर तो पदवी आणि गुणपत्रिका पिशवीत घालून फडावर गेला. दोन दिवस मोळ्या बांधल्या, हात सोलून घेतले. पहिल्या रात्री कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या रात्री कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, चुलीपाशी त्याने विचारलं, तिसऱ्या वर्षाची फी कशी भरली? वडील गप्प. आई म्हणाली, दोन शेळ्या विकल्या. तो इतके दिवस समजत होता की त्या रोगाने गेल्या.

मग त्याने चहाचं सांगितलं. वडील एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या कोपीतली माणसं डोकावली. "आरं, म्या बी मोजायचो," ते म्हणाले. "तुझं एक वरीस म्हंजी किती गाड्या!"

पदवीचा कागद वडिलांनी उलटसुलट करून बघितला, हाताला काजळी आहे म्हणून परत दिला. आईने मात्र गुणपत्रिका घेतली. मुकादमाच्या वहीत कोयता नवऱ्याच्या नावावर असतो, तिथे तिचं नाव कधी चढलेलं नाही. गुणपत्रिकेवर आईच्या नावाचा रकाना असतो. मुलाने त्यावर बोट ठेवलं, बॅटरी धरली. तिने एकेक अक्षर जुळवत स्वतःचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे मास्तरांनी लिव्हलं का तू सांगितलं?"