अंदमानातलं ते झाड गर्जन नाही, पडौक असावं

तुमचा प्रश्न असा: जानेवारीत चिडिया टापूच्या जंगलात एक अवाढव्य झाड पाहिलं, बुंध्याला फळ्या उभ्या केल्यासारखी मुळं, खाली चपट्या गोल शेंगा पडलेल्या. ड्रायव्हर म्हणाला गर्जन. खरंच गर्जन का?

ड्रायव्हरचा दोष नाही. माझंही पहिल्या फेरीत असंच झालं होतं. उंच दिसलं की गर्जन, असा माझा सरळ हिशेब. गर्जन म्हणजे तेच, ज्याच्या नावाचं प्लाय सुतार आपल्या गळ्यात मारतो. पण तुमच्याच वर्णनातली शेंग वेगळं सांगतेय.

गर्जनच्या फळाला दोन लांब पंख असतात, बॅडमिंटनच्या फुलासारखं गरगरत खाली येतं. त्याचं पान साधं, मोठं, शिरा ठसठशीत. पडौकची शेंग म्हणजे छोटी पुरीच. मधोमध बी असलेला टणक फुगवटा आणि भोवती कागदासारखी पातळ, वाळकी झालर. हातात धरून पाहिलीत ना? मग प्रश्न जवळजवळ मिटलाच.

मला ती शेंग ओळखू आली ती अभ्यासामुळे नव्हे, तर आमच्या गावच्या बिवळ्यामुळे. कोकणात, घाटात बिवळा (काही ठिकाणी बिबळा म्हणतात) असतो, त्याखाली लहानपणी अशाच चकत्या वेचल्या आहेत. बिवळा आणि पडौक एकाच कुळातले, एकाच प्रजातीगटातले सख्खे चुलतभाऊ. दोघांचंही शास्त्रीय नाव टेरोकार्पसपासून सुरू होतं, म्हणजे पंखवालं फळ. पडौकचं पूर्ण नाव टेरोकार्पस डालबर्जिऑइडिस. आंध्रातला रक्तचंदनही याच गोतावळ्यातला.

त्या फळ्यांसारख्या मुळांवर मात्र विसंबू नका. त्यांना आधारमुळं म्हणतात. सदाहरित जंगलात कितीतरी वेगवेगळ्या जातींना ती येतात. आपल्याकडच्या मोठ्या काटेसावरीचा बुंधा आठवा. मुळं फार खोल जात नाहीत, वर चाळीस मीटरचा डोलारा, तो पेलायला झाड बाजूंनी टेकू काढतं. पडौकची आधारमुळं इतकी रुंद होतात की त्यातून अख्ख्या एका तुकड्याचा टेबलाचा माथा निघतो. पोर्ट ब्लेअरला (आता अधिकृत नाव श्री विजयपुरम) चॅथमची सरकारी लाकूड गिरणी आहे, 1883 पासूनची. तिथल्या संग्रहालयात पडौकचं काम जवळून पाहायला मिळतं. लाकूड लाल, पण प्रत्येक झाडाचं सारखं नसतं. काहींचं गर्द तांबडं, काहींचं फिकट पिवळसर तपकिरी. म्हणून नुसत्या रंगावरूनही निकाल लावू नये.

फोटोत वरची पानं आली असतील तर मोठं करून पाहा. पडौकचं पान संयुक्त असतं. एका दांड्यावर छोट्या पर्णिका, समोरासमोर नाही तर आलटून पालटून बसलेल्या. उन्हाळ्यात काही दिवस झाड निष्पर्ण होतं, पावसाळ्यात पिवळी फुलं येतात. तुम्ही जानेवारीत गेलात, म्हणून फुलं दिसली नाहीत.

एकच शंका ठेवतो. झाड जंगलात नसून रस्त्याकडेला किंवा बागेत लावलेलं असेल, तर ते याचं आग्नेय आशियातलं भावंडही असू शकतं. त्याला टेरोकार्पस इंडिकस म्हणतात. ते सावलीसाठी बरेच ठिकाणी लावतात आणि त्याची शेंगही अशीच असते. जंगलातलं असेल तर मी पडौकच म्हणेन. हा वृक्ष मूळचा अंदमानचाच, आणि अंदमान-निकोबारचा राज्यवृक्षही.

शेंगेचा जवळून काढलेला फोटो असेल तर इथे टाका, पान असेल तर आणखी बरं.