डब्यातली उष्णता जाते कुठं?

प्रश्न : थ्री-टियर एसीत रात्री वरच्या बर्थवर हुडहुडी भरते, खाली मात्र उकडतं. जाळीत कागद कोंबला तर चालेल का?

उत्तर : कृपया नको. डब्याच्या छतावर दोन्ही टोकांना साधारण 7-7 टनांची युनिटं असतात (घरचा एसी दीड टनाचा). गार हवा छतातल्या डक्टमधून जाळ्यांवाटे उतरते, त्यामुळे पहिला झोत वरच्या बर्थलाच लागतो. बऱ्याच जणांनी कागद कोंबले की हवा अडते, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. मग पहाटे अख्खा डबा तापतो आणि शिव्या अटेंडंटला! त्यापेक्षा झोपण्याआधीच त्याला थर्मोस्टॅट 25 वर ठेवायला सांगा आणि उशी जाळीच्या विरुद्ध बाजूला घ्या.

अख्खा डबाच तापला असेल तर जाळीखाली हात धरा. झोत जोराचा पण कोमट असेल, तर कॉम्प्रेसर बंद आहे. झोतच मरतुकडा असेल, तर फिल्टर धुळीनं चोंदलाय किंवा बर्फ धरलाय. 139 वर किंवा रेलमदद ॲपवर पीएनआर आणि डब्याचा क्रमांक देऊन नेमकं हेच कळवा. नुसतं ‘एसी चालत नाही’ म्हटलं की मेकॅनिकला चाचपडत बसावं लागतं. गाडी उन्हात उभी राहून नुकतीच फलाटाला लागली असेल, तर मात्र अर्धा तास धीर धरा.

प्रश्न : जुलैत मुलीकडे लंडनला जाणार आहे. तिथल्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनला एसी नाही म्हणे. एवढ्या श्रीमंत शहरात असं का?

उत्तर : पैसा असून जागा नाही. तिथला जुना खोल बोगदा जेमतेम साडेतीन मीटर व्यासाचा; गाडी त्यात दट्ट्यासारखी बसते. एसी उष्णता फक्त उचलून बाहेर टाकतो, वर स्वतःची भर घालतो : डब्यातून 10 किलोवॉट काढायला 3-4 किलोवॉट वीज खाल्ली, तर बोगद्यात 13-14 ओतले जातात. आपली गाडी ही उष्णता उघड्यावर सोडते, तिथं बोगद्याभोवती चिकणमाती. 1900 च्या सुमारास ही माती 14 अंशांच्या आसपास होती, म्हणून तेव्हा भुयारातला गारवा हेच जाहिरातीचं कारण! ब्रेक आणि मोटारींची उष्णता शतकभर पिऊन आता ती 19 ते 26 अंशांवर गेली आहे.

तुम्ही सरळ एलिझाबेथ लाइन धरा. 2022 मध्ये सुरू झालेल्या या लाइनच्या गाड्या एसी आहेत आणि स्ट्रॅटफर्ड, लिव्हरपूल स्ट्रीट, टॉटनम कोर्ट रोड, बाँड स्ट्रीट, ईलिंग ब्रॉडवे ही स्थानकं या आणि सेंट्रल अशा दोन्ही लाइनवर आहेत. डिस्ट्रिक्ट, सर्कल, मेट्रोपॉलिटनही एसी. सेंट्रलनंच जावं लागलं तर पाण्याची बाटली ठेवा आणि गरगरायला लागलं तर पुढच्या स्थानकावर उतरा. बोगद्यात धोक्याचा अलार्म ओढण्यापेक्षा फलाटावर मदत लवकर मिळते.