वाचक विचारतात : आधी ब्रोच उलटा करून बघा

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडला डॉर्सेटमध्ये राहते. जावयांना मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचा भारी नाद, अर्थात शेतमालकाची परवानगी काढूनच. परवा त्यांना एक हिरवा पडलेला रोमन ब्रोच सापडला. अर्धगोल कमान, तिच्यावर लांबीने गेलेल्या उभ्या रेघा, खालच्या टोकाला छोटं बोंड, पिन गायब आणि वरच्या टोकाशी तांबूस गंजाचा डाग. फोटो सोबत आहे. हा किती जुना असेल? आणि घासून चकचकीत केला तर चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते तातडीचं आहे : नको, अजिबात नको! ब्रश नको, लिंबू नको, मेटल पॉलिश तर मुळीच नको. हिरव्या थराखाली कधीकधी कल्हई किंवा मीनाकाम टिकलेलं असतं आणि ते एकदा खरवडलं की गेलंच. फक्त कोरड्या हवाबंद डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि पुढेमागे फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तर धातू आतून खाल्ला जातोय असं समजून कॉन्झर्वेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

आता वय. फोटो छान आहे पण सगळ्यांसारखा तुम्हीही पुढूनच काढलाय, आणि खरी माहिती असते मागे. रोमन ब्रोच म्हणजे शेवटी आपली सेफ्टी पिनच, कमान, पिन, पिनेचं टोक अडकवायला खाच, बास. बघायचं काय तर पिन वर कशी धरलीय, स्प्रिंगने की बिजागरीने. ब्रिटनमधल्या कोलचेस्टर प्रकारात कमान, स्प्रिंग, पिन सगळं एकाच धातूच्या तुकड्यातून वळवून काढलेलं आणि वरून पुढे आलेला एक हूक स्प्रिंगला धरून ठेवतो, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातलं काम. नंतरच्या ब्रोचमध्ये स्प्रिंग वेगळी करून बसवायला लागले. तुमच्याकडे तो तांबूस डाग आहे ना, तो बहुतेक बिजागरीच्या लोखंडी आसाचा, कारण ब्राँझ किंवा पितळ तसं गंजत नाही. मागे वरच्या टोकाला पत्रा गुंडाळून केलेली बारीक नळी दिसते का ते जावयांना बघायला सांगा. दिसली तर हा ऑकिसा प्रकारचा ब्रोच.

ऑकिसा हे कारागिराचं नाव, काही ब्रोचच्या डोक्यावर ते चक्क ठोकलेलं सापडतं. बहुतेकांवर मात्र काहीच नसतं, म्हणून नाव नाही दिसलं तर निराश होऊ नका. हा प्रकार इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या शेवटी सुरू झाला, सैनिकांच्या अंगावर सगळीकडे फिरला आणि ब्रिटनमध्ये मुख्यतः इसवी सन 43 च्या रोमन स्वारीबरोबर पोचला, तिथे पुढच्या वीसेक वर्षांत मागे पडला. पुष्कळदा पितळेचा असतो, म्हणजे नवा असताना सोन्यासारखा पिवळाधमक दिसत असणार. त्याचा चुलतभाऊ हॉड हिल प्रकार, त्यालाही बिजागरीच, पण कमान चपटी, बाजूला बोंडं आणि वर बरेचदा कल्हई. गंमत म्हणजे ज्या टेकडीवरून त्याला नाव पडलं ती डॉर्सेटमध्येच आहे.

एक लक्षात ठेवा, ही तारीख त्या घडणीची, तुमच्या नगाची नव्हे. आईचा ब्रोच मुलीने वापरला असेल, डागडुजी झाली असेल, मग तीस-चाळीस वर्षांनी तो शेतात पडला असेल. म्हणून सापडल्याची नेमकी जागा लिहून ठेवा आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी तिथली योजना) स्थानिक फाइंड्स लायझन ऑफिसरला दाखवा, 1997 पासून ते अशा नोंदी घेतायत. सुटा ब्राँझ-पितळेचा ब्रोच तिथल्या कायद्यात सहसा ट्रेझर, म्हणजे खजिना, धरत नाहीत, तरी नोंद कराच.

प्रश्न : काही ब्रोचना डोक्यावर छोटी कडी का असते?

उत्तर : साखळीसाठी. बायका दोन्ही खांद्यांवर जोडीने ब्रोच लावायच्या आणि मध्ये साखळी सोडायच्या. ट्रम्पेट (तुतारीच्या तोंडासारखं पसरलेलं डोकं) आणि हेडस्टड (डोक्याजवळ गोल टिकली) या प्रकारांत अशी कडी हमखास बघा, दोन्ही पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या शतकातले.

प्रश्न : ऑनलाइन एक 'क्रॉसबो' ब्रोच विकायला आहे, कांद्यासारखी तीन बोंडं, विक्रेता 'पहिलं शतक, गॅरंटी' म्हणतो. घेऊ का?

उत्तर : शतकातच गडबड आहे! कांद्याच्या बोंडांचा क्रॉसबो हा चौथ्या शतकाच्या आसपासचा, अधिकारी आणि सैनिक लोक तो उजव्या खांद्यावर लावायचे. इटलीतल्या मोंझाच्या कॅथेड्रलमध्ये साधारण 400 सालचं हस्तिदंती कोरीवकाम आहे, त्यात रोमन सेनापती स्टिलिकोच्या खांद्यावर बघा, बोंडं खाली आणि ब्रोचचा पाय, म्हणजे पिनेचं टोक अडकतं ती बाजू, वर, म्हणजे आपण फोटोत धरतो त्याच्या बरोबर उलटा. विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा क्लोजअप मागा. ओतकामाचे बारीक बुडबुडे, साच्याची शिवण किंवा रंग फासल्यासारखा सगळीकडे सारखा हिरवा थर दिसला तर सोडून द्या, आणि सापडल्याचं ठिकाण विचारल्यावर तो गप्प झाला तर ब्रोच खरा असला तरी सोडा.